ढगे सरांचे नाक

ढगे सर स्कूटर सुरू करण्यापूर्वी तिच्या पेट्रोलचा वास घेत. आसन उचलायचे, टाकीचे झाकण फिरवून काढायचे, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि डोळे मिटून टाकीच्या तोंडाशी नाक न्यायचे. पवनारच्या त्यांच्या अंगणात मी हे प्रथम पाहिले, तेव्हा वाटले, की वर्ध्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे विभागप्रमुख असलेले हे गृहस्थ काही प्रयोग करीत असावेत. मी तसे विचारलेही.

"प्रयोग नाई, पोरी. राखण," झाकण लावत ते म्हणाले. "पेट्रोल खोटं बोलत नाई. पेट्रोल देणारा बोलते."

सत्तरचे दशक सरत आले होते. एम.एस्सी. होऊन मी त्यांच्याच विभागात प्रयोगनिर्देशक म्हणून रुजू झाले होते आणि त्यांच्याच घरातल्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होते. वर्षभर अनुभव घ्यायचा आणि नागपूरला संशोधनासाठी निघून जायचे, असा माझा स्वच्छ आराखडा होता. एस.टी.ची वाट पाहण्यात वेळ घालवू नकोस, असे सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, बजावल्यामुळे रोज सरांच्या स्कूटरवर मागे बसून मी महाविद्यालयात जाऊ लागले.

सर वर्गात पुस्तकी मराठी बोलत. संशय आला, की घरची वऱ्हाडी बोलत. दिवसभरात वऱ्हाडीच अधिक ऐकू येई. दुधात पाणी किती, हे ते दूधवाल्याच्या देखत मोजत. घरच्या मळ्यातली वांगी बाजारात गेली, तर अडत्याच्या काट्याखाली वाकून पाहत. एखाद्या विद्यार्थ्याच्या आलेखावर सगळे बिंदू निमूट एका रेषेत बसले, तर त्याला उभे करून विचारत, की इतकी सरळ रेघ निसर्गाला कधीपासून काढता येऊ लागली. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक सूत्र दिले. "शक आला म्हणजे नाक चालवाचं, तोंड नाई." ते सूत्र मी आजही पाळते. सरांना स्वतःला ते नेहमी पाळता येत नसे.

आमच्या प्रयोगशाळेत बबन नावाचा परिचर होता. काचेची भांडी धुणे, स्टोव्हसाठी रॉकेल भरून ठेवणे, द्रावणांच्या बाटल्या लावणे ही त्याची कामे. सरांची स्कूटर मागच्या पडवीत सावलीला लावणे आणि पुसणे हे त्याने आपखुशीने घेतलेले काम. तो अनेक वर्षे हंगामीच होता. त्या हिवाळ्यात त्याला कायम करण्याचा विषय व्यवस्थापनापुढे यायचा होता आणि त्यासाठी विभागप्रमुखांची शिफारस लागणार होती. बबनच्या घरात दुसरे कोणी कमावते नव्हते. सरांच्या एका सहीवर त्याचे घर उभे राहणार होते किंवा बसणार होते.

दसऱ्यानंतर नेमकी स्कूटर बंद पडू लागली. सकाळी ती विनातक्रार वर्ध्याला पोचे. संध्याकाळी बाजाराला वळसा घालून परतताना मात्र धाम नदीचे पाणी दिसू लागले, की ती गुदमरल्यासारखी होई आणि थांबे. सर आसन उचलून झाकण काढत, वास घेत, झाकण लावत आणि किक मारत. ती लगेच सुरू होई. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच.

"सकाळी चालते, संध्याकाळी मरते," सर म्हणाले. "मधात गाडी कोणापाशी असते?"

उत्तर त्यांनी आधीच ठरवलेले होते. पडवीच्या शेजारी रॉकेलचा डबा होता. बबन पेट्रोल काढून घेतो आणि तितकेच रॉकेल ओततो, असा त्यांचा सिद्धान्त तयार झाला. त्यांनी टाकीतल्या पेट्रोलचा थेंब गाळणकागदावर टाकला. तो उडून गेला आणि मागे तेलकट डाग राहिला. सरांनी कागद माझ्यापुढे धरला. मी म्हणाले, की या इंजिनाच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावेच लागते आणि ते सरांनी स्वतःच मिसळले आहे. डाग त्याचाही असेल. मग त्यांनी पंपावरून ताजे पेट्रोल आणले, त्यात त्याच मापाने ऑइल घातले आणि दोन्ही थेंब शेजारीशेजारी सोडले. दोन्ही डाग सारखे निघाले.

पेट्रोल निर्दोष ठरले. बबन ठरला नाही. पुढच्या रविवारी सरांनी अंगणात वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर उघडला. ज्या कप्प्यात पेट्रोल साठते, तो स्वच्छ होता. पेट्रोलची बारीक धार सोडणारा पितळी जेट त्यांनी उन्हाकडे धरला, तर त्यातून प्रकाशाचा ठिपका आरपार दिसला. टाकीची तोटी, नळी, जाळी यांपैकी कशातही कचरा नव्हता. माझ्या मते शोधाचे क्षेत्र आता आटोपशीर झाले होते. सरांच्या मते गुन्हेगार सराईत होता. काहीच सापडत नाही, याचा अर्थ करणारा हुशार आहे, असे ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जे केले, ते केवळ परीक्षांच्या कामात आयुष्य घालवलेला प्राध्यापकच करू शकतो. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर लावतात, तशी कागदाची पट्टी त्यांनी आसनाच्या फटीवर डिंकाने चिकटवली आणि तिच्यावर आडवी सही केली. संध्याकाळी पट्टी अभंग होती. स्कूटर नदीपाशी बंद पडलीच. मी पट्टीचा पुरावा पुढे केला, तेव्हा सर एवढेच म्हणाले, "डिंक कॉलेजचाच आहे."

बबनने ती पट्टी पाहिली होती. एका दुपारी तो माझ्या टेबलापाशी परीक्षानळ्यांचा स्टँड घेऊन उगाचच उभा राहिला.

"मॅडम, सर माह्याशी काऊन बोलून नाई राह्यले?" त्याने विचारले. "शक असन तं तोंडावर सांगा म्हणा. मंग मी गाडीले हात नाई लावत."

शिफारशीचा कागद सरांच्या टेबलावर पेपरवेटखाली कोराच पडला होता. व्यवस्थापनाची बैठक दुसऱ्या दिवशी होती. त्या कागदाकडे पाहताना मला आमच्या सगळ्या निरीक्षणांतला एक समान दुवा दिसला. स्कूटर थांबली, की सर टाकी उघडून वास घेत, आणि ती सुरू होई. झाकण न उघडता तिला सुरू करण्याचा प्रयत्न आम्ही एकदाही केला नव्हता. तपासणीच आजार लपवीत नसेल कशावरून?

त्या संध्याकाळी नदीपाशी इंजिन थांबले आणि सरांचा हात सवयीने आसनाकडे गेला. मी म्हणाले, "सर, आज वास घेऊ नका." ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागले, तिच्यात मीही बबनला सामील असल्याची शंका स्पष्ट होती, पण प्रयोगाला नकार देणे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी किक मारली. स्कूटर हलली नाही. थांबून पुन्हा मारली. पुन्हा तेच. मग मी त्यांना झाकण अगदी सावकाश सैल करायला सांगितले. आत हवा शिरल्याचा बारीक, लांब सुस्कारा आम्हा दोघांनाही ऐकू आला. त्यानंतर इंजिन पहिल्याच किकला लागले.

पेट्रोल खाली उतरायचे, तर टाकीत वरून हवा शिरावी लागते; त्यासाठी झाकणाला एक सूक्ष्म छिद्र असते. ते बुजले असणार. सकाळच्या रस्त्याला टाकीतली हवा पुरत होती, वळशाच्या रस्त्याला पुरत नव्हती. सरांनी इंजिन बंद केले, झाकण हातात घेऊन त्यावरची तेलकट धूळ पुसली आणि ते उजेडाकडे धरले. मधोमध, छिद्रात घट्ट बसलेला, वाळून कडक झालेला लाल-पिवळा थर होता. हळद-कुंकू.

खंडेनवमीला बबन प्रयोगशाळेतल्या तराजूपासून ब्युरेटपर्यंत सगळ्यांची पूजा करीत असे. सरांच्या स्कूटरला तो दिव्यावर, हँडलवर आणि आसन उचलून टाकीच्या तोंडावर, म्हणजे झाकणावर, बोट टेकवीत असे, कारण यंत्र जिथून खाते तिथे कुंकू लागलेच पाहिजे, असे त्याचे मत होते. यंदा त्याने गंध जरा ओले कालवले असावे.

सर पुलाकडे पाहत उभे राहिले. मी साडीची पिन काढून दिली. छिद्र मोकळे करताना ते एकदाच बोलले. "हात त्याचाच निघाला, पोरी. पण चोराचा नाई निघाला." घरी काकूंनी वाढलेल्या ताटावर त्या दिवशी त्यांनी कुठलीही शंका घेतली नाही.

सकाळी विभागात शिरताच त्यांनी शिफारस लिहिली, सही केली आणि कागद स्वतः कार्यालयात नेऊन दिला. बबनला बोलावून ते म्हणाले, "पुढच्या साली गाडीची पूजा माह्यासमोर करजो." बबन कायम झाला. तरीही तो मला खिन्नपणे म्हणाला, की सरांचा आपल्यावर अजून भरवसा बसलेला दिसत नाही. कारण सांगणे सरांचे काम होते आणि त्यांनी ते सांगितले नाही. बबनच्या कुंकवामुळे काही बिघडले होते, हे त्याला कळू द्यायचे नाही, एवढी ताकीद त्यांनी मला दिली होती.

पुढच्या खंडेनवमीला मी नागपूरला निघण्याच्या तयारीत होते. बबन थाळी घेऊन आला. सरांनी स्वतः आसन उचलले आणि झाकणाच्या मधोमध अंगठा दाबून धरला. बबन गोंधळला, मग त्याने सरांच्या अंगठ्याभोवती गोल कुंकू लावले. सरांनी अंगठा उचलला. माझ्या माहितीप्रमाणे ते निवृत्त होईपर्यंत दरवर्षी तसेच झाले.

ऐंशीच्या दशकात सर गेले, तेव्हा मला नागपूरहून वेळेवर पोचता आले नाही. दसऱ्यानंतर मी काकूंना भेटायला पवनारला गेले. स्कूटर अंगणातच होती, चाकांतली हवा उतरलेली. सर गेल्यापासून ती कोणी चालवली नव्हती. बबन नवमीला वर्ध्याहून आला होता, न सांगता पूजा करून गेला, असे काकू म्हणाल्या.

मी आसन उचलले. झाकणावर ताज्या कुंकवाचे वर्तुळ होते आणि मधोमध एका अंगठ्याएवढी जागा कोरी सोडलेली होती.