अडीच तास पुढे

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगू शकतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर — खरं सांगतो — आजही गप्प बसलो असतो.

काल आमच्या सोसायटीची सभा झाली. कॅमेऱ्यांसाठी आणखी मोठा, नव्या पद्धतीचा रेकॉर्डर घ्यायचं ठरलं. निवड कोणी करायची, असा प्रश्न आला तेव्हा तिघाचौघांनी एकदमच माझं नाव घेतलं. "काकांकडेच द्या. काकांचा आकडा कधी चुकत नाही." मी मान हलवली. घरी आलो आणि पानावरून तसाच उठलो.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात काम करतो. कुठलीही वस्तू घ्यायची तर सात ठिकाणची माहिती काढायची, तक्ता करायचा, मग तोंड उघडायचं, ही माझी सवय. तीन वर्षांपूर्वी कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत कॅमेरे बसवायचे ठरले, तेव्हाही मी तेच केलं. कॅमेरे कोणीही निवडेल. खरी पारख लागते ती रेकॉर्डरला — म्हणजे सगळं चित्रण साठवून ठेवणाऱ्या डब्याला. दुकानदार म्हणाला, पंधरा दिवसांचं चित्रण राहिलं तरी पुष्कळ. मी म्हटलं, तीस दिवस. एका कॅमेऱ्याचे दिवसाला बत्तीस जीबी, सोळा कॅमेरे, तीस दिवस, म्हणजे जवळजवळ साडेपंधरा टीबी. तेव्हा आठ-आठच्या दोन डिस्क घेणारा डबाच हवा. आमचे चेअरमन वैतागले. "अहो काका, सोसायटीच्या गेटला लावायचाय की बँकेच्या तिजोरीला?" पण मी हटलो नाही. त्या वेळचं सगळ्यात भारी मॉडेल आणलं. तीस दिवस भरले की सगळ्यात जुना दिवस पुसला जातो आणि त्यावर नवा लिहिला जातो. हा तीसचा आकडा पुढे माझ्या कामी आला. कसा, तेच सांगायला बसलोय — आणि बघा, अजून तिथे पोचत नाहीये.

बसवणारा म्हणाला होता, "सर, ह्यातला देश बदलून घ्या. फॅक्टरीतून येताना बाहेरच्या देशाची वेळ असते." मी म्हटलं, "वेळ बरोबर दिसतेय ना? मग झालं." मनगटावरच्या घड्याळाशी मी ती सेकंदासकट जुळवली होती. मला कोण शिकवणार?

चार महिन्यांनी मला वाटलं, हे चित्रण मोबाइलवरही दिसावं. त्यासाठी डब्याला इंटरनेटची तार जोडावी लागते. एका गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातलं कपाट उघडून ती मी स्वतःच जोडली. त्याच कपाटात इंटरकॉमचा बोर्ड होता. जागा थोडी होती. तार ओढली, डबा आत सरकवला, दार दाबून बंद केलं. मोबाइलवर सोळा चौकोन दिसले. मी खूश.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सामंत आजी पडल्या.

बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मालवणकडच्या. मुलगा संजय आणि सून दोघं नोकरीला जायचे. दुपारी दोनला टीव्हीवरची मालिका संपली, त्या उठल्या आणि पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. सरपटत भिंतीपर्यंत गेल्या, इंटरकॉमचा रिसीव्हर वायर धरून खाली ओढला आणि गेटला फोन लावला. तीन वेळा. घंटी जाताना ऐकू येत होती, उचलत कोणी नव्हतं. साडेसहाला सून आली, तेव्हा त्या जमिनीवरच होत्या. साडेचार तास.

गेटवर दामूदादा होता. इथल्याच बोनकोडे गावचा, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा. अकरा वर्षं आमच्या गेटवर. आजींचं आणि त्याचं मेतकूट जमलेलं होतं. त्याला खाडीची कोलंबी मिळाली की वाटा आजींना. आणि त्यात कोकम किती घालायचं यावरून दोघांचं भांडण फोनवर चालायचं. हल्ली पाहुण्याला आत सोडायचं की नाही, ते सगळे मोबाइलवर सांगतात. इंटरकॉम वापरणाऱ्या त्या एकट्या आजीच राहिल्या होत्या. गेटचा फोन वाजला की तो त्यांचाच. म्हणून मग संजयचा राग समजण्यासारखा होता. दामूने फोन उचलला कसा नाही?

शनिवारी रात्री नऊला आम्ही पाच जण ऑफिसात बसलो. दामूदादा दाराशी उभा. मी गेटच्या कॅमेऱ्यातलं शुक्रवारचं चित्रण लावलं, दोन वाजताचं. पडद्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या आकड्यांत १४:०० आणि गेटवर रिकामी खुर्ची. १४:०५, रिकामी. १४:१०, रिकामी. १४:२० ला दामूदादा मागच्या बाजूने हात पुसत आला आणि बसला.

"मी खुर्चीवरच व्हतो, साहेब," तो म्हणाला. "उलट मीच आजींना फोन लावला. फोन मेलेला व्हता."

"खुर्ची रिकामी, तर फोन काय भुताने लावला?" चेअरमन म्हणाले.

"तुमचा डबा खोटा बोलतंय."

"डब्याला तू कोलंबी देत नाहीस, दामू. तो कशाला खोटं बोलेल?"

कोणीतरी हसलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी बोललो. मला ते शब्द पाठ आहेत. मी म्हणालो, "वेळ कोपऱ्यात लिहिलेली आहे. ती मी स्वतः लावलेली आहे."

फोन उचलून बघायची गरजही कोणाला वाटली नाही. मलाही नाही. दामूदादाने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. चेअरमनच्या सांगण्यावरून त्या वीस मिनिटांचा तुकडा मी कापून दिला. तो सेक्टरभर फिरला, मोबाइलवरून मोबाइलवर. म्हातारीला तडफडत ठेवणारा वॉचमन. आसपासच्या एकाही सोसायटीने पुढे त्याला उभं केलं नाही.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कोणाकडूनही होते — असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! पण मी कबूल करायला बसलोय ते याच्या पुढचं.

आजी पडल्या तो पहिला दिवस धरला, तर नवव्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी ऑफिसात एकटा होतो. शाळेची व्हॅन गेटला घासल्याची तक्रार होती, म्हणून आदल्या दिवशीचं चित्रण बघत होतो. व्हॅन रोज एक वाजून दहा मिनिटांनी येते. तेरा-दहाला आली नाही. पुढे पुढे सरकवत गेलो. आली, पण कोपऱ्यात आकडा होता १५:४०.

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बारा वीस. पडद्यावर १४:५०.

अडीच तास पुढे. इंटरनेटची तार जोडल्याबरोबर डब्याने आपली आपण वेळ घेतली होती, फॅक्टरीच्या देशाची. गुरुवार संध्याकाळपासून तो अडीच तास पुढे चालत होता. त्या शनिवारी रात्री नऊला आम्ही पाच जण त्याच्यासमोर बसलो होतो, साडेअकरा दाखवत असणार तो तेव्हा. चोवीस तासांच्या आकड्यांकडे कोण बघतो? माझ्यासारखा माणूस बघतो, नाही का?

म्हणजे आम्ही पाहिलेले दोन हे साडेअकरा होते. आणि साडेअकरा ते अकरा पन्नास दामूदादा रोज मागे पाण्याच्या पंपावर जायचा. ती वेळ मीच ठरवून दिलेली, मीच छापून गेटवर चिकटवलेली. बरोबर वीस मिनिटं. तो आकडा डोळ्यांसमोर असून मला ओळखता आला नाही.

मग मी खरे दोन शोधले. शुक्रवार, १६:३०. हे मी एकट्याने पाहिलंय, दुसऱ्या कोणी नाही, म्हणून नीट सांगतो. दामूदादा खुर्चीवर बसलेला आहे. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तो वर बघतो, बी विंगकडे. रिसीव्हर उचलतो, कानाला लावतो, खालचं बटण दोनतीनदा दाबतो, परत ठेवतो. पुन्हा वर बघतो. गेट सोडून पंपाखेरीज कुठेही जायचं नाही, हाही मी छापलेला नियम. तो बसून राहतो. या सगळ्या वेळात फोन एकदाही वाजत नाही. वाजला असता तर त्याचा हात हलला असता ना?

मी कपाट पुढे ओढलं. इंटरकॉमच्या बोर्डावरची गेटच्या फोनच्या दोन तारांची जोडी निसटून लोंबत होती. माझ्या तारेच्या मागे. आजींना घंटी ऐकू येत होती ती फक्त त्यांच्याच कानात.

मी काय केलं? ती जोडी आत बसवली. गेटला फोन लावून पाहिला, वाजला. नव्या वॉचमनला म्हटलं, "काही नाही, सहज." डब्यातला देश बदलला. वेळ सेकंदासकट जुळवली. कुलूप लावलं आणि घरी येऊन जेवलो. त्या दिवशी जेवलो, हे लक्षात आहे माझ्या.

सांगायला किती वेळ लागला असता? संजयला एक फोन. चेअरमनना एक फोन. चित्रण तर होतंच — बावीस दिवस शिल्लक होते त्याचे. मी रोज मोजत होतो. एकवीस. वीस. पेन ड्राइव्ह खिशात घेऊन दोनदा ऑफिसात गेलो आणि तसाच परत आलो. काय आडवं येत होतं? लोक म्हणतील, काकांचा आकडा चुकला. बस, एवढंच. याहून मोठं काही कारण असतं तर मी तेही लिहिलं असतं.

अठराव्या दिवशी आजी हॉस्पिटलमधून घरी आल्या. मी भेटायला गेलो. दामूदादाही आदल्या संध्याकाळी येऊन गेला होता. दार उघडलं गेलं नव्हतं. सून चहा करायला आत गेली आणि आजींनी माझा हात धरला.

"दामून फोन कित्याक उचलूक नाय रे? तू आकड्यांतलो माणूस. तूच सांग."

तेव्हा तेरा दिवस शिल्लक होते. सगळं सुधारता येत होतं. तिथल्या तिथे, एका वाक्यात. आणि मी म्हणालो, "डोळा लागला असेल त्याचा, आजी."

कोणी सांगितलं होतं मला एवढं बोलायला? गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. खुर्ची रिकामी होती असं लोक म्हणत होते. झोपेची गोष्ट माझी स्वतःची. आजी म्हणाल्या, "माझ्या फोनाक झोपलो?" आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

एकतिसाव्या दिवशी मी मोबाइलवर तो शुक्रवार उघडून पाहिला. चित्रण उपलब्ध नाही, असं आलं. मला हलकं वाटलं. हे लिहिताना हात थांबतोय, पण तेच वाटलं. रात्री झोप लागली. पुढच्या रात्री मात्र नाही; तेव्हापासून फारशी नाहीच.

आजी पुन्हा उठल्या नाहीत. सात महिन्यांनी गेल्या. दामूने आपला फोन उचलला नाही, हे मनात घेऊनच गेल्या.

त्या दिवशी दामूदादा आला होता. आत कोणी घेईना, म्हणून गेटबाहेर उभा राहिला. गाडी गेली, माणसं पांगली. मी शेवटी निघालो, तर तो जवळ आला. दाढी वाढलेली. म्हणाला, "साहेब, तुमी जायचात त्यांच्याकडं. शेवटाला मानूस बोलतं काय तरी. माज्याबद्दल काय बोलल्या का?"

मी नाही म्हणालो.

त्याने मान हलवली आणि बोनकोड्याच्या रस्त्याला लागला. दोनदा मी त्याच्या दारापर्यंत जाऊन मागे फिरलोय. तो आहे अजून. मी त्याला सांगितलेलं नाही. पण त्या दिवशी वर आल्यावर मी मोबाइल काढला, गेटचा कॅमेरा उघडला आणि तो कोपऱ्यावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो. वेळ बरोबर होती.