पुसलेलं कडवं

परभणीच्या एका दुकानात मी चार्जर घ्यायला गेलो होतो. तिथं जिंतूरकडचे एक म्हातारे भीमगीतांचे गायक मुलीबरोबर रेकॉर्डर निवडत होते. त्यांच्या घशाचं ऑपरेशन व्हायचं होतं, नंतर आवाज राहणार नव्हता. कानावर हात ठेवून ते प्रत्येक रेकॉर्डरपुढं गायचे, मग ऐकायचे.

“ह्यो लय गोड करायलाय,” एक बाजूला सारत ते म्हणाले. “माझी खरखर बी यायला पाहिजे.”

दुसऱ्यावर त्यांनी अख्खं कडवं गायलं. तो पसंत पडला.

“आता हे पुसा. घरी नातवंडांपुढं नीट गातो.”

दुकानदारानं पुसलं.

पुढं त्यानंच मला सांगितलं, घरी ऑपरेशनपर्यंत त्यांचा घसा उघडलाच नाही. मुलगी विचारायला आली होती, “दादा, पुसलेलं परत मिळंल का?”

मिळालं नाही. ते कडवं आम्ही दोघा परक्यांनी ऐकलं होतं.