हिलालचा करदोडा

पाण्यात पडलेलं काही वर काढायचं असलं की यावल-रावेर भागात एकच नाव निघायचं, हिलाल. मूळचा तापीकाठचा, शिरपूरकडचा गडी. आधी विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा, मग पंपाच्या मोटारी, आणि कधीमधी माणसंही. माणूस काढला त्या दिवशी तो जेवायचा नाही. एरवी त्याला जेवायला बसवण्याआधी घरमालक भाकरी मोजून घ्यायचा.

त्याचं सामान बघून शहाण्याने पाण्यात पायही घातला नसता. पंक्चरवाल्या शालिग्रामचा कॉम्प्रेसर काठावर धडधडायचा आणि त्याची लांबलचक नळी हिलालच्या तोंडात. ती दगा देईल म्हणून दुसरी सोय होती. भंगारातल्या ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी, ठासून भरलेली, पट्ट्यांनी डाव्या कुशीला आवळलेली, आणि तिला स्वतःची छोटी नळी. ही नळी लोंबू द्यायची नाही, हा हिलालचा कायदा. लोंबली की दगडात अडकते, तोंडात गाळ भरतो, आणि ऐन वेळी हात भलतीकडेच चाचपडतो. म्हणून तो ती दुमडून टाकीवर चढवलेल्या सायकलच्या ट्यूबच्या पट्टीखाली खोचायचा. हलायची नाही, पण एका हिसक्यात हातात यायची.

"बांधेल येगळं आन खोसेल येगळं," तो म्हणायचा. बांधलेलं ऐन वेळी सुटत नाही.

त्र्याण्णव सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. रावेरजवळ लीलाधर नानांच्या मळ्यात निसवणीला, म्हणजे घड टाकायला आलेली केळी उन्हाने माना टाकत होती. विहिरीला पाणी होतं, पण पंप ओढेना. तळाशी ओढ्याच्या अंगाने एक आडवं भुयार खोदलेलं होतं आणि नानांनी पंपाचा पाइप थेट त्यात सोडलेला. पाइपाच्या टोकाची झडप, जिला इकडे सगळे बिनदिक्कत फुटबॉल म्हणतात, आतल्या गाळात रुतून बसली होती.

"बाग करपून राह्यला, हिलालभाऊ," नाना म्हणाले. "लवकर उतर."

टाकीवर चढवताना उन्हाने वाळलेली रबराची पट्टी तटकन तुटली. शालिग्रामच्या पेटीत जुनी ट्यूब होती, पण तो पेटीकडे वळेपर्यंत भागाबाई पुढे झाली. ही हिलालची बायको. नवरा पाण्यात असला की काठावर येऊन बसायची. घरी बसून ऐकण्यापेक्षा इथे बसून बघितलेलं बरं, असं तिचं म्हणणं. माहेरी आखाजीला गेली तेव्हा मनुदेवीच्या पायाशी ठेवून तिने नवा काळा करदोडा आणला होता आणि सकाळीच तो नवऱ्याच्या कमरेला बांधला होता. आता तिने टाकीची नळी उचलली आणि त्याच करदोड्याला बांधून टाकली. एका गाठीवर दुसरी गाठ.

"देवीनी गाठ शे," ती म्हणाली. "सुटाव नही."

सुटायची नाही, हीच तर भानगड. हिलालला ते कळत नव्हतं असं नाही. पण बायको गाठ मारून मोकळी झाली होती, नाना घाई करत होते, आणि खरं सांगायचं तर त्या भुयाराला तोही भ्यायला होता. भ्यालेल्या माणसाला कायदा नको असतो, देवी हवी असते. तो उतरला.

भुयारात पोटावर सरकावं लागत होतं. गाळ ढवळला आणि स्वतःचा हातही दिसेना. त्याने चाचपून झडप शोधली, भोवतीचे दगड उपसले, पाइपाला खांदा देऊन रेटा दिला. झडप सुटली. सुटलेला पाइप खाली बसला तो नेमका त्याच्या हवेच्या नळीवर. एक श्वास अर्धाच आला. पुढचा आलाच नाही.

हात सवयीने टाकीवर गेला. तिथे पट्टी नव्हती. मग कमरेवर आला. ओला दोरा फुगला होता आणि गाठ हरभऱ्यासारखी टणक झाली होती. नखं घसरत होती. नळी तोंडापर्यंत पोहोचत नव्हती आणि त्या बिळात माणसाला वाकता येत नव्हतं. छातीत जाळ पेटला. करदोडा तोडणं एवढंच उरलं होतं, आणि त्या अवस्थेतही त्याचा हात थबकला. जिवंत माणसाचा करदोडा कोणी तोडत नाही. तो सरणावर ठेवताना तोडतात. बापाचा त्याने स्वतःच्या हाताने तोडला होता.

मग काठावर बसलेल्या भागाबाईचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याने दोऱ्यात अंगठा घातला आणि हिसडा दिला. दोरा मांसात रुतला. दुसरा हिसडा. भागाबाईने चांगला जाड बघून आणला होता. तिसऱ्याला तो तुटला, आणि गंजाच्या चवीची हवा हिलालच्या तोंडात आली. तशी गोड हवा त्याने आयुष्यात खाल्ली नव्हती.

उलटा सरकत तो भुयाराबाहेर आला आणि दोर धरून वर चढला. पण लंगोट खोचलेला असतो करदोड्यातच. हिलाल वर आला तो जन्मला तसा. नानांनी बागेकडे तोंड फिरवलं, शालिग्रामने डोळे मिटून टॉवेल फेकला. भागाबाईने तेवढी मान फिरवली नाही. ती त्याच्या मोकळ्या कमरेकडे आणि तिथल्या रक्ताळलेल्या वळाकडे बघत होती.

"करदोडा कोठे ग्या?" तिने विचारलं.

"मीच तोडा," हिलाल म्हणाला. "गाठ सुटनी नही."

तिला सगळं कळलं होतं. तिकडे नानांनी पंप सुरू केला आणि पाटाला पाणी लागलं, तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मग ती उठली. शालिग्रामच्या पेटीतली जुनी ट्यूब ओढली, विळ्याने तिची लांब काळी पट्टी कापली. घडीभरही पुरुषाने करदोड्याशिवाय राहू नये म्हणून ती पट्टी नवऱ्याच्या कमरेभोवती गुंडाळली आणि टोक पट्टीखालीच खोचलं. गाठ मारली नाही.

मग तिने एक हिसका देऊन बघितला. पट्टी झटकन हातात आली. तिने ती पुन्हा गुंडाळली आणि पुन्हा खोचली.