चाळीसगावला गाडी बदलायची

माझं लग्न अडलं होतं ते चाळीसगावमुळे. मुलगा मला आवडलेला होता, जात जुळत होती, गुण जुळत होते, आईनं तर मनातल्या मनात मंडपाचा रंगही ठरवून टाकला होता. जुळत नव्हतं ते फक्त टाइमटेबल. मुलगा धुळ्याचा, आणि धुळं मेन लाइनवर नाही. जळगावहून रेल्वेनं धुळ्याला जायचं तर आधी चाळीसगावला उतरायचं, तिथं बाकड्यावर बसून राहायचं, आणि धुळ्याची पॅसेंजर तिच्या मनात येईल तेव्हा तिच्यात चढायचं. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, पस्तीस वर्षं स्टेशन मास्तर होते आणि नुकतेच निवृत्त होऊन पिंप्राळ्यातल्या घरी आले होते. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "ब्रँच लाइनला मुलगी देणार नाही."

जळगावहून धुळ्याला एसटी जाते, दिवसभर जाते, एरंडोल-पारोळ्यावरून सरळ जाते, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण नाना एसटीत बसत नसत. "जिला रूळ नाहीत, सिग्नल नाही, गार्ड नाही, ती गाडी नव्हे, ती वरात," असं ते म्हणायचे. खिशात रेल्वेचा पास असताना तिकीट काढून हिसके खायचे हे त्यांच्या डोक्यातच बसत नसे. आई वैतागून विचारायची, "मुलगी द्यायचीय की मालगाडी?" नाना शांतपणे सांगायचे, "मालगाडी बरी. मालाला निदान मध्येच डबा बदलावा लागत नाही."

नव्वदच्या पुढची ती सुरुवातीची वर्षं. मी पिंप्राळ्यातच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग त्या थंड खोलीत देवघरात गेल्यासारखं आत जायचं. धुळ्याचा मुलगाही तिथंच शिकवायचा. जळगावात खोली घेऊन राहायचा, शनिवारी मुक्कामाला धुळ्याला न जाता रविवारी उगीचच क्लासमध्ये यायचा, आणि त्या उगीचचं कारण मी होते. जूनपासून तो धुळ्यात, देवपूरला, स्वतःचा क्लास काढणार होता. म्हणजे जूनच्या आत नानांनी हो म्हणायला हवं होतं. नाहीतर तो तिकडे, मी इकडे, आणि मध्ये चाळीसगाव.

रविवारी क्लासला सुट्टी असायची आणि किल्ली माझ्याकडे. क्लासच्या मालकीणबाई पुढच्या ओट्यावर वाल सोलत बसायच्या, त्यामुळे लोकांच्या तोंडाचीही सोय झालेली. आत आम्ही दोघं आगगाडीचा गेम खेळायचो. पुण्याहून कुणीतरी दोन फ्लॉपींत आणला होता. नकाशावर रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, इंजिनं घ्यायची, माल आणि माणसं वाहून रेल्वे कंपनी वाढवायची, असा तो खेळ. नकाशा कुठल्यातरी परक्या मुलखाचा होता, पण गावांची नावं बदलता यायची. तासाभरात तिथं भुसावळ आलं, जळगाव, धरणगाव, मनमाड आलं. जिथं कोळसा न्यायचा ते दीपनगर. नदीचं नाव बदलता येईना, म्हणून तिला आम्ही तोंडानंच गिरणा म्हणायचो.

गेमबद्दल आमची मतं कधी जुळली नाहीत. माझं म्हणणं, यातली खरी गंमत स्टेशनात आहे. मी आधी हॉटेल बांधायची, मग पोस्ट, मग आणखी एक हॉटेल, आणि गाडी घ्यायची वेळ येईपर्यंत कंपनीचं दिवाळं वाजायचं. त्याचं म्हणणं, हा गेम गाड्यांचा नाहीच, शेअरचा आहे. तो रूळ टाकायच्या आधी शेजारच्या कंपनीचे शेअर गोळा करत बसायचा आणि तिच्याच गाड्या हाकायचा. "ही काय रेल्वे झाली? हे तर जावयासारखं आयत्या बिळावर नागोबा झालं," मी म्हणायची. तो तावातावानं भांडायचा. भांडताना त्याच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा, आणि तो लाल व्हावा म्हणून मी मुद्दाम हॉटेलं बांधायची. इतकी खुळी झाले होते मी. घरी पोळ्या लाटतानाही हसायची, आणि आई म्हणायची, हिला बाहेरचं झालंय.

एका रविवारी नाना इन्स्पेक्शनला आले. न कळवता येणं हा त्यांच्या मते इन्स्पेक्शनचा आत्मा. चपला काढल्या, पाय पुसले, हाताची घडी घालून आमच्या मागे उभे राहिले. आमचं लक्षच नव्हतं. पडद्यावर धरणगावच्या अलीकडे एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येत होत्या.

"थांबवा त्या," मागून आवाज आला. "लाइन क्लिअर कुणी दिली?"

पुढचं स्टेशन 'रूळ मोकळा आहे, सोडा' असं कळवतं, त्याला रेल्वेत लाइन क्लिअर म्हणतात. ती घेतल्याशिवाय नानांनी जन्मात गाडी सोडली नव्हती. आमच्याकडे द्यायला कुणी नव्हतं. गेमचे सिग्नल आपोआप चालतात, असं तो चाचरत म्हणाला. नानांचा आपोआपवर विश्वास नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला उठवलं, त्याला नाही. मी बाजूला स्टुलावर बसून दोघांकडे बघत राहिले आणि मला भीतीपेक्षा हसूच जास्त येत होतं.

पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला नाना हजर. बरोबर पट्टी, पेन्सिल आणि आलेखाचा कागद. माउस टेबलाच्या कडेला आला की ते थांबायचे आणि म्हणायचे, "प्लॅटफॉर्म संपला." मग धुळ्याचा मुलगा माउस उचलून परत मध्ये ठेवायचा. गेमबद्दल नानांची मतं कडक होती. बनवणाऱ्यानं रेल्वे पाहिलीय, पण केली नाही. यात सांधे बदलणारा पॉइंट्समन नाही, ड्रायव्हरला भूक लागत नाही, कुणाची बदली होत नाही. एकच गोष्ट त्यांनी मान्य केली. गेममध्ये फळं उशिरा पोचली की त्यांचा भाव पडायचा. नानांनी सावद्याला केळीच्या वॅगनी भरून घेण्यात उन्हाळेच्या उन्हाळे काढले होते. "केळी थांबत नाहीत, एवढं तरी त्याला कळलंय," ते म्हणाले. तेव्हापासून आमच्या नकाशावर सगळी फळं म्हणजे केळी झाली, आणि केळीच्या गाडीसाठी नाना मेल गाडीही बाजूला उभी करायचे.

त्यांच्या पहिल्या कंपनीत एकही अपघात झाला नाही. गाड्याही फारशा धावल्या नाहीत, कारण लाइन क्लिअर मिळेपर्यंत बहुतेक उभ्याच असायच्या. शेअरवाल्यांनी त्यांना काढून टाकलं. गेम संपला की तो निवृत्त झालेल्या माणसाला सांगायचा, आता तू कुठलं काम करायच्या लायकीचा आहेस. नानांना त्यानं सांगितलं, टी.सी. स्टेशन मास्तरांचं टी.सी. लोकांविषयी काय मत असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठवडाभर नाना त्या गेमचं नाव काढेनात. पण रविवारी दहाला परत आले आणि खुर्चीवर बसता बसता त्याला म्हणाले, "धुळेवाले, ते शेअरचं जरा समजावून सांगा."

मला वाटलं, जमलं. कुठलं काय. एप्रिलात त्याचे आईवडील रीतसर बोलणी करायला आले. नानांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला, कुठल्या गाडीनं आलात. यष्टीनं, त्याची आई म्हणाली. नानांचा चेहरा पडला. माउली ते ओळखून हसत म्हणाली, "भाऊ, आमना धुयानी वाट वाकडी शे, मानसे वाकडा नहीत." आईला ते इतकं आवडलं की तिनं लगेच पोह्यांवर आणखी खोबरं घातलं. नानांनी मात्र "कळवतो" म्हणून सांगितलं. त्यांच्या तोंडच्या 'कळवतो'चा अर्थ सबंध भुसावळ डिव्हिजनला माहीत होता. त्या रविवारी मी रडले आणि रागानं माझी सगळी हॉटेलं विकून टाकली.

मे संपत आला. शेवटच्या रविवारी त्याची ट्रंक बांधून झाली होती, सोमवारी सकाळी तो कायमचा धुळ्याला निघणार होता. नाना दहाला आले. महिनाभर खपून त्यांनी या खेपेला कंपनी चांगली उभी केली होती. दीपनगरला कोळसा जात होता, केळी वेळेवर पोचत होती, शेअर वर होता. गेमच्या हिशेबानं निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. हात न लावता ते वर्ष जाऊ दिलं असतं तर टी.सी.चा डाग नक्की धुऊन निघाला असता.

नानांनी माउस धरला आणि जळगावहून पश्चिमेकडे रूळ टाकायला सुरुवात केली. आधी गिरणेवर पूल, तोही दगडी, सगळ्यात महागाचा. मग एरंडोल. मग पारोळा. मध्ये डोंगर आला तर त्यांनी वळसा घेतला नाही, सरळ कापला. शिल्लक भराभर उतरत होती. पारोळ्याच्या पुढं एक निनावी वस्ती होती. तिचं नाव त्यांनी एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, धुळे.

शेअर धडाधड खाली यायला लागले तसा मुलगा खुर्चीवरून उठलाच. एरवी नानांसमोर तो शुद्ध बोलायचा, पण त्या वेळी घरची भाषा निसटली. "नाना, बठ्ठं बुडी जाई, सगळं बुडेल. धुळ्याला एवढा माल नाही. ही लाइन कधीच नफ्यात येणार नाही. ऐका माझं, नका टाकू."

जन्मभर धुळ्याला थेट रेल्वे हवी म्हणणारा हा माणूस हात जोडून सांगत होता की धुळ्याला रेल्वे नको. मला हसू फुटलं.

नानांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "माल कोण नेतंय?" ते म्हणाले. "पॅसेंजर आहे. महिन्यातून एकदा मी लेकीकडे जाणार, तर काय दर वेळी चाळीसगावला बाकड्यावर बसू?"

मला समजायला थोडा वेळ लागला. त्याला माझ्याहून आधी समजलं, कारण त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि आम्ही भांडत नव्हतो. मी नानांच्या गळ्यातच पडले. "माउसचा हात सोड, हात सोड, गाडी अडकेल," ते म्हणत होते. तोवर कंपनी बुडाली होती. गेमनं त्यांना पुन्हा टी.सी. ठरवलं. नानांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि बाहेर जाऊन मालकीणबाईंना चहा टाकायला सांगितला.

पडद्यावर झाली तशी लाइन खरोखर काही झाली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा नाना धुळ्याला यायचे होते, तेव्हा मी आणि हा दोघं स्टेशनवर जाऊन चाळीसगावची पॅसेंजर बघून आलो. नाना नव्हते. हिरमुसून घरी आलो तर देवपूरच्या आमच्या दारात ते पिशवी घेऊन उभे. अंगावर धूळ, केस उडालेले, हातात एसटीचं तिकीट जपून धरलेलं. आयुष्यात काढलेलं पहिलं तिकीट त्यांनी मला दाखवायला आणलं होतं. मी आधी पाया पडले आणि मग विचारलं, नाना, ही तर वरात ना?

"तसं नाही," नाना म्हणाले. "कंडक्टर आधी मागं बघतो, दार लावतो आणि दोनदा घंटी मारतो. मग ड्रायव्हर सोडतो. मी त्याच्या मागेच बसलो होतो, एरंडोलपासून मोजत आलो. एकदाही घंटीशिवाय सोडली नाही. लाइन क्लिअर आहे म्हणायची."