ट्रकमध्ये दार

“सर रोज कोणाला फोन करतात गं?”

माझ्या शेजारची मुलगी बेडकाच्या ट्रेवर वाकून दुसरीला विचारत होती. सर नुकतेच डब्याची पिशवी उचलून नेहमीचं वाक्य बोलून गेले होते, “आलोच, एक फोन करून येतो.” आणि ते शिरले होते प्रयोगशाळेमागच्या नमुन्यांच्या खोलीत. त्या खोलीत बाटल्यांमधले साप होते, एक सांगाडा होता, पण फोन नव्हता. कॉलेजातला एकुलता एक फोन प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये, त्याच्याही डायलला कुलूप.

“सांगाड्याला करत असतील,” दुसरी म्हणाली. मला हसू आलं, ते मी रुमालात दाबलं.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. जळगावच्या एका कॉलेजात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शाळा इंग्रजी माध्यमाची. बोलायची वेळ आली की मनात एक इंग्रजी वाक्य तयार असायचं, एक मराठी तयार असायचं, आणि दोन्ही बाहेर यायची नाहीत.

सर प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळचे भडगावकडचे. बुटके, शर्टाची एक बाजू कायम पँटच्या बाहेर. वर्गाचं दार सताड उघडं असलं तरी त्यावर टकटक करून मगच आत यायचे. तुम्हीही असे एखादे शिक्षक पाहिले असतील, ज्यांना धडा शिकवायचा नसतो, ताजी बातमी सांगायची असते. बातमी फारच मोठी असली की सरांची पुस्तकी मराठी संपायची आणि अहिराणी सुरू व्हायची.

एकदा ते हातात झेरॉक्सचे कागद फडकवत आले. पुण्याच्या मित्राने पाठवले होते. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘ग्लुकोज ट्रान्सपोर्टर’.

“सर, केळीवाला का कापूसवाला?” मागच्या बाकावरून आवाज आला.

जळगावात ट्रान्सपोर्टर या शब्दाला एकच अर्थ होता. वर्ग हसला आणि निम्मा वर्ग माझ्याकडे वळला, कारण माझ्या पप्पांचं केळी ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. मी वहीत बघत राहिले. सर मात्र खूश.

“बरोबर बोलला. आता सांग, ह्या ट्रकमध्ये काय भरलंय?”

“साखर, सर.”

“नाही.” सरांनी फळ्यावर टकटक केलं. “ट्रकमध्ये दार भरलंय.”

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. रक्त म्हणजे रस्ता. जेवण झालं की साखर रस्त्याने पेशीपर्यंत येते. पण पेशीची भिंत चरबीची, साखर तिच्यातून जाऊ शकत नाही, तिला दार लागतं. आणि स्नायूंच्या पेशीत गंमत अशी की बहुतेक दारं भिंतीत नसतातच. ती आत, इवल्या इवल्या फुग्यांमध्ये, म्हणजे आपल्या ट्रकमध्ये, भरलेली असतात. इन्सुलिन येतं, तेही आत जात नाही, भिंतीशी उभं राहून फक्त फोन लावतं. फोन लागला की आतले फुगे निघतात, भिंतीला चिकटतात, आणि त्यांच्यातलं दार भिंतीत बसतं. साखर आत. फोन बंद झाला की दारं परत गोडाऊनला.

“बाहेरून काही आणावं लागत नाही रे. दार मझारच शे! समजनं का?”

मझार म्हणजे आत, हे त्यांनी आपल्या छातीवर टकटक करून सांगितलं. मग सगळ्या वर्गाला उभं करून उठाबशा काढायला लावल्या. पाय हलले की दारं फोनशिवायही भिंतीकडे निघतात म्हणे. बाकं खडखडली, खडूची धूळ उडाली. आवाज ऐकून प्रिन्सिपॉल आले, तर सरांनी त्यांनाही आग्रह केला. प्रिन्सिपॉलांनी अर्धी बैठक मारली आणि घाईने निघून गेले.

“आणि फोन लागलाच नाही तर?” कुणीतरी धापा टाकत विचारलं.

“मग साखर रस्त्यावरच उभी राहते. घर उपाशी, आणि रस्ता खराब.”

माझं लिहिणं तिथे थांबलं. पप्पांना डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं होतं. गोळ्या पुरत नव्हत्या. पप्पा कारल्याचा रस प्यायचे, भाकरी अर्ध्यावर ठेवायचे आणि तरी वाळत चालले होते. ऑफिसातला एक ड्रायव्हर त्यांच्या पट्ट्याला टोच्याने नवी भोकं पाडून द्यायचा. सुईचं नाव काढलं की एकच उत्तर, “सुई लागनी म्हणजे माणूस सरना.” भडगावचे माझे मोठे काका सुई सुरू झाली त्याच आठवड्यात वारले होते. त्यांना दवाखान्यात फार उशिरा नेलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं. मीही नाही.

पुढे एकदा सापाची बाटली परत ठेवायला मी नमुन्यांच्या खोलीत गेले. सर सांगाड्याशेजारी स्टुलावर बसले होते, शर्ट वर केलेला, पोटाला काचेची सिरिंज लावलेली. मी मागे सरकले. सर अजिबात दचकले नाहीत.

“लागला बघ फोन,” ते म्हणाले. सिरिंज डबीत ठेवली, शर्ट खाली केला आणि जेवणाचा डबा उघडला. “माझी दारं ठणठणीत आहेत. फोन करणारा तेवढा लहानपणीच पळाला. म्हणून मी करतो.”

डब्यात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. ते असे जेवायला लागले की बघणाऱ्याला भूक लागावी. मला विचारायचं होतं, सुईने माणूस संपत नाही ना? मी नुसतीच सापाची बाटली फळीवर ठेवली. सरांनी डब्याच्या झाकणावर टकटक केलं आणि वाट पाहिली. वर्गातही ते माझ्या बाकापाशी असंच करायचे, आणि मी गप्प राहिले की स्वतःच उत्तर द्यायचे.

“मझारच शे,” ते म्हणाले. “येईल.”

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात नव्या मॅडम आल्या, टकटक न करता. सरांची धुळ्याच्या कॉलेजात बदली झाली होती. मी नमुन्यांच्या खोलीत डोकावले. साप होते, सांगाडा होता. स्टूल भिंतीला लावून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता ऑफिसात गेले. पप्पा दिल्लीच्या व्यापाऱ्यावर फोनमध्ये ओरडत होते, गाडी खाली करून घ्या, माल उभा राहिला की काळा पडतो. समोर ड्रायव्हर टोच्या घेऊन त्यांचा पट्टा टोचत होता. पप्पांनी फोन ठेवला आणि मला बघून चकित झाले. मी ऑफिसात कधी यायची नाही.

मी टेबलाच्या काचेवर टकटक केलं. ड्रायव्हरचा हात थांबला. अहिराणी मी जन्मापासून ऐकत होते, तोंडातून एक शब्द कधी काढला नव्हता.

“पप्पा,” मी म्हणाले, “माल रस्तावर उभा शे. दार मझारच शे. सुईना फोन लावा.”