मामांची पोथी ई-रीडरवर, आणि तलासरीचे तीन दिवस

घरातल्या वयस्कर माणसासाठी ई-रीडर घ्यावा का, असं या ब्लॉगवर मला तिघा-चौघांनी विचारलं आहे. मी उत्तर लांबवत आलो, कारण उत्तर द्यायचं तर २०१८ च्या श्रावणातली ती फेरी सांगावी लागते. आज सांगतो.

माझे मामा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावर राहतात. भात आणि नाचणी पिकवतात. पण पाड्याला ते माहीत आहेत पोथीमुळे. श्रावणात दिवेलागणीला त्यांच्या ओटीवर पोथी लागते. रोज एक अध्याय, शेवटी समाप्तीचा प्रसाद. मला कळतं तेव्हापासून वाचणारे मामाच. पोथी जुनी, सुट्या लांबट पानांची. वाचून झालं की पान उचलून पालथं ठेवायचं. त्या वर्षी होळीला मामा फोनवर म्हणाले, "आताशा अक्षर बारीक झालं रे, प्रमोद." मी ते मनावर घेतलं.

मी नववीत शाळा सोडली. नाशिकला टायपिंगच्या दुकानात लग्नपत्रिका आणि जमिनीचे कागद टाइप करतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मला झोप लागत नाही. माझी स्वतःची पुस्तकं खोलीच्या ओलीत दोनदा बुरशी येऊन गेली, तेव्हापासून मी ई-रीडरवरच वाचतो. मामांसाठी आधी टॅबलेट पाहिला. त्याचा उजेड डोळ्यांत जातो आणि रोज चार्ज करावा लागतो. पाड्यावर पावसाळ्यात वीज असली तर असते. एक जुना ई-रीडर स्वस्तात मिळाला, पण त्याच्यावर वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसायची आणि जोडाक्षरं फुटायची. तो परत केला. शेवटी मंद उजेडाचा, जोडाक्षरं नीट दाखवणारा नवा घेतला. एका चार्जवर तो दोन-तीन आठवडे चालतो. मग चार महिने, दुकान बंद झाल्यावर, सोळा अध्याय ओवी-ओवी करून टाइप केले. तीनदा तपासले. सगळ्यात मोठा आकार लावला की पडद्यावर पाच ओळी मावत. मी ते हातभर लांब धरून पाहिलं आणि समाधान पावलो.

नाशिकहून डहाणूची एसटी त्र्यंबक, जव्हार, कासा अशी जाते. पावसाळ्यात सात तास धरा. मोखाड्याच्या पुढं रस्ता खड्ड्यांचा आहे, पोट रिकामं ठेवा आणि जव्हारला काही खा. मी यंत्र टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं आणि दर घाटात उघडून पडदा फुटला नाही ना ते पाहत होतो. शेजारच्या बाईंनी शेवटी विचारलं, आत पिल्लू आहे का.

पहिली रात्र डहाणू रोडला लागून मसोलीत, मंजूताईकडे. मंजूताई म्हणजे मामांची मुलगी. अजून उजेड होता म्हणून तिने मला आगरला, समुद्रकाठी, नेलं. होड्या वर ओढलेल्या होत्या, नारळी पौर्णिमेआधी त्यांना रंग लागत होता. समुद्र मातकट. तिथं ती म्हणाली की वर्षभरापूर्वी बाबांना डोळे दाखवायला न्यायचं ठरलं होतं, पण ते आलेच नाहीत. रोज पोथी वाचतोय की, आणि काय दाखवायचं, असं म्हणाले. मी तिला यंत्र दाखवलं. तिने पाच ओळी वाचल्या आणि यंत्र माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाली, "त्यांना आधी विचारलंस का?" मी म्हटलं, अचानक द्यायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने तलासरी. स्टँडवर चहा आणि गरम भजी. पुढं शेअर जीप, माणशी तीस रुपये. जीपवाला गुजरातीत "बेसो, बेसो" करत चौदा माणसं भरतो, तेव्हा पुढची जागा हवी तर लवकर जा. दोन्हीकडे नुकतं लावलेलं भात, मध्ये पाणी. शेवटचे दीड-दोन किलोमीटर चालत, चिखलातून. चप्पल हातात घ्यावी लागते.

मामांनी यंत्र दोन्ही हातांत घेतलं, तळवा फिरवला. "सगळी पोथी ह्याच्यात? हलकी आहे रे." अक्षर दिसतं का विचारलं तर म्हणाले, "झकास." म्हणताना ते पडद्याच्या जरा बाजूला पाहत होते. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

बातमी पाड्यात गेली. दिवेलागणीला ओटी भरली, रोजच्यापेक्षा जास्त. सात अध्याय झाले होते, आठवा लागायचा होता. मामींनी पोथी लाल फडक्यातून काढून पाटावर ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या की आज हीच राहू दे. मामाही म्हणाले, "यंत्र उद्या लावू." पण शेजारचे रामाकाका, मामांचे लहानपणापासूनचे सोबती, म्हणाले की एवढी माणसं बघायला आलीत, आता लाजता काय नवरीसारखे. आणि मी तर आठवा अध्याय काढूनच बसलो होतो. पान पुढं न्यायला उजव्या कडेला बोट लावायचं, एवढं मी मामांना शिकवलं. त्यांनी मान हलवली.

मामांची चाल ज्यांनी ऐकली नाही त्यांना ती लिहून कळणार नाही. प्रत्येक ओवीच्या शेवटी ते जरा थांबतात आणि समोरून "हं" येतो. मी त्यांच्या खांद्याशी बसून ऐकलेल्या ओळी पडद्यावरच्या ओळींशी जुळवत होतो. पहिल्या पाच ओळी झाल्या, मामा पुढं गेले, पडदा तसाच. दहा झाल्या. वीस झाल्या. मग त्यांनी कडेला बोट लावलं आणि पान एकच सरकलं. पुन्हा बराच वेळ काही नाही. मला अस्वस्थ व्हायला लागलं. माणूस पत्रिका चुकीची छापत असला तर मी गप्प बसू शकत नाही, तसंच ते होतं.

मी म्हणालो, "मामा, पान मागंच राहिलंय. पुढचं दाबायचं राहिलं."

रामाकाका म्हणाले की यंत्राला मामांच्या आधी म्हातारपण आलं. लोक हसले. मामा थांबले.

"कुठं होतो मी?"

मी भराभर पानं पुढं नेली, ओळ शोधली आणि तिच्याखाली बोट ठेवलं. "इथं, मामा."

त्यांनी यंत्र जवळ घेतलं, लांब धरलं, तिरपं केलं. अक्षरं अंगठ्याएवढी होती. त्यांनी शेवटची ओवी पुन्हा म्हटली, वेग घ्यावा तशी, आणि त्याच जागी अडकले. मग अध्याय पहिल्यापासून धरला आणि पुन्हा तिथंच अडकले. तिसऱ्यांदा त्यांनी धरला नाही. डोळ्यांना आज पाणी येतंय, असं म्हणून त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. लोक एकेक करून उठले. रामाकाका सगळ्यांत शेवटी गेले.

सकाळी मामी चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत होत्या. मी बाजूला बसलो. त्या आपणच बोलायला लागल्या. मधलं सगळं काळं दिसतं त्यांना, म्हणाल्या, कडेकडेचं तेवढं कळतं. अक्षर मोठं करून काय होणार, तेही काळ्यातच जाणार. पोथी सगळी तोंडपाठ. कुठल्या पानावर किती ओव्या ते हाताला ठाऊक, म्हणून पान बरोबर वेळेला उचललं जायचं. त्या लाकडं पुढं सारत म्हणाल्या, "दोन वरसं मी झाकलं रे, प्रमोद. तू एका संध्याकाळी उघडं केलंस."

रागावून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि वर तूप घातलं.

पाठ आहे तर पाठच म्हणू दे, असं तुम्हाला वाटेल. मीही तेच म्हणालो. पण पाड्याची रीत वेगळी आहे. पोथी वाचायची असते, समोरच्या अक्षरावर नजर ठेवून. आठवून म्हणायचं ते गाणं. शिवाय मामांनी दोन वर्षं वाचल्याचं दाखवलं होतं आणि ते आता सगळ्यांना कळलं होतं. त्या संध्याकाळी रामाकाकांनी मला वाचायला सांगितलं. मी आठवा पुरा केला, त्याच्या पुढच्या संध्याकाळी नववा. एक अक्षर चुकलं नाही. "हं" कोणी दिला नाही. मामा मागच्या दारी बैलापाशी बसून होते.

माझी सुट्टी संपली. निघताना मामांनी यंत्र परत दिलं. म्हणाले, तू वाचतोस, तुझ्याकडेच राहू दे. जीपपर्यंत पोचवायला आले. चिखलात पाय कुठं ठेवायचा हे त्यांना माझ्यापेक्षा नीट कळत होतं.

श्रावण संपला. पोथी नऊवर अडली, समाप्ती झाली नाही. मामींकडून कळलं की लोक आता दुसऱ्या घरी मोबाइलवर पोथी लावतात, स्पीकर जोडून.

भाद्रपदात एका संध्याकाळी फोन आला. मामा होते. "एकटा आहेस?" एकटाच होतो. "यंत्र जवळ घे. दहावा लाव." आणि त्यांनी सुरुवात केली, फोनवर, त्याच चालीत. मी पानं पुढं नेत राहिलो आणि ओवीच्या शेवटी "हं" म्हणत राहिलो. सात संध्याकाळी सात अध्याय. एक ओवी दोनदा आली. चौदाव्यात अकरा ओव्या गळल्या. दोन ओव्या अशा आल्या की त्या मी टाइप केलेल्या पोथीत कुठंच नाहीत, मी नंतर शोधल्या. दर वेळी जीभ उचलली जायची. मी ती दाताखाली धरली.

सोळावा संपला. मागं मामी भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता.

"बरोबर आलं ना सगळं?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "तू टोकलं नाहीस, म्हणजे बरोबरच असणार."

"हो, मामा," मी म्हटलं.

पुढच्या श्रावणात त्यांच्या ओटीवर कोणी आलं नाही. मी फोन केला, तर मामी म्हणाल्या की ते लवकर जेवून झोपले.

ज्यांनी विचारलं होतं त्यांना उत्तर एवढंच. यंत्र चांगलं आहे, मी अजून रोज वापरतो. घेण्याआधी त्या माणसाच्या शेजारी बसा आणि त्याला काय दिसतं ते विचारा. दोघंच असताना विचारा.