बर्फाचे रोखे

शारजात अजून रुपये चालायचे, तेव्हा माझं तिथे शिलाईचं दुकान होतं. बलदियातले, म्हणजे नगरपालिकेतले, एक कारकून रोज यायचे. रत्नागिरीकडचे. एका व्यापाऱ्याच्या बर्फाच्या कारखान्याला पैसा उभा करायला बलदियाने रोखे काढले होते आणि ते खपवायचं काम यांच्या गळ्यात पडलं होतं. काखेत फाइल, बोलणं हळू, आणि पुढचं काही सांगायचं झालं की शेवटी इन्शाल्ला.

"मास्तर, कारखाना होणार, इन्शाल्ला."

"आधी बर्फ दाखवा," मी म्हणायचो. ते हसून फाइल पुन्हा काखेत मारायचे. रागावले कधीच नाहीत.

रमजानातल्या एका दुपारी ते गोणपाटात काहीतरी गुंडाळून धावतच आले. कारखान्यातून पहिली लादी निघाली होती. दुकानाचा पडदा त्यांनीच ओढला आणि माझ्या हातावर बर्फाचा तुकडा ठेवला.

"माझा रोजा आहे. तुम्ही चावून सांगा."

मी चावत होतो आणि ते कोरड्या ओठांनी माझ्या तोंडाकडे बघत होते.

"घट्ट आहे," मी म्हणालो.

त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले आणि फाइल उघडली. "मग तुमचं नाव लिहितो, मास्तर."

त्या वाक्याला इन्शाल्ला नव्हतं.